अध्यक्षमहाराजांची खुर्ची

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ध्रुवीकरणाच्या काळात लोकशाहीचं भवितव्य’. तो माझा नाही. मला फोन आला तेव्हा मी म्हटलं होतं, सभागृहाचे अध्यक्ष या विषयावर बोलतो. पलीकडून जरा वेळ काही आवाजच येईना. मग म्हणाले, ‘सर, त्याला माणसं येणार नाहीत. भवितव्य टाकू या, भवितव्याला येतात.’ खुर्च्या भरलेल्या दिसतायत, म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर होता. तेव्हा तडजोड करू. मी माझ्या विषयावर बोलतो आणि शेवटची पंधरा मिनिटं भवितव्याला ठेवतो. घंटा ज्यांच्या हातात आहे त्यांनी हे ऐकलंय असं मी धरून चालतो.

इथे दोन्हीकडची माणसं आहेत हे मला वरून दिसतंय. तिसऱ्या रांगेत दोन जुने मित्र मधली एक खुर्ची सोडून बसलेत. २०१९च्या आधी ती खुर्ची सोडावी लागत नव्हती. काळजी करू नका, मी आज दोघांनाही सारखाच नाराज करणार आहे. सगळ्या पक्षांची उदाहरणं आणलीत आणि साठा भरपूर आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. देशात दोन तट पडले, माणसं एकमेकांचं तोंड बघेनात, याने मी फार घाबरत नाही. भांडणाला नियमात ठेवणारा माणूस एका तटाचा झाला, आणि हरलेल्या बाजूचा त्याच्या निकालावरचा विश्वास उडाला, की मी घाबरतो. असे नियमवाले बरेच असतात. निवडणूक आयोग, न्यायालयं, राज्यपाल. त्यांच्यावर रोज संध्याकाळी टीव्हीवर चर्चा होते. विधानसभेच्या नि लोकसभेच्या अध्यक्षांकडे मात्र कोणी बघत नाही. माईक बंद करणारे गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख.

लोक मला म्हणतात, पूर्वी असं नव्हतं हो, पूर्वी विरोधक सभ्य होते. १९५२ची पहिली लोकसभा डोळ्यांपुढे आणा. तेलंगणातला सशस्त्र लढा मागे घेऊन वर्षही झालेलं नव्हतं आणि तिथले रावी नारायण रेड्डी नळगोंड्यातून नेहरूंपेक्षाही जास्त मतं घेऊन आले होते. एकीकडे कम्युनिस्ट, दुसरीकडे हिंदू महासभा, जनसंघाचे श्यामाप्रसाद मुखर्जी. गांधीजींच्या खुनाला चार वर्षं झालेली, फाळणीच्या जखमा ओल्या. आजचे आपले तट त्या मानाने सोसायटीतले म्हणायचे. सोसायटीवर मी येणारच आहे, तिथे माझं एक दुखणं आहे.

तर १५ मे १९५२. लोकसभेचा पहिला अध्यक्ष निवडायचा होता. सत्ताधारी पक्षाचे उमेदवार गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे आपले दादासाहेब. आपले असं मी हक्काने म्हणतो. घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची. ते १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत ते सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ६६ विरुद्ध ६३ अशा तीन मतांनी निवडून आले. काठावर निवडून येणं काय असतं हे माहीत असलेला माणूस.

आणि त्यांच्यासमोर कोण उभं राहावं? शंकरराव मोरे. शेतकरी कामगार पक्षाचे संस्थापक, सोलापूरहून निवडून आलेले, नेहरू सरकारचे कडवे विरोधक. त्यांचं नाव सुचवलं कम्युनिस्टांच्या ए. के. गोपालन यांनी. म्हणजे भारताच्या लोकसभेचा पहिला अध्यक्ष कोण, यावर दोन मराठी माणसं एकमेकांसमोर. मराठी माणूस दिल्लीत जाऊन दुसऱ्या मराठी माणसाविरुद्ध उभा राहतो, यात नवल काही नाही, हे तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंयच. नवल पुढे आहे. मतदान झालं. मावळंकर ३९४, मोरे ५५. आणि शंकररावांनी स्वतःचं मत मावळंकरांना दिलेलं होतं!

का दिलं? तर अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांनी एकमेकांना मत द्यावं असा संसदीय संकेत आहे म्हणून. पंचावन्नच मतं पडणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यातलं आणखी एक वाढवता आलं असतं. पण उद्यापासून ज्याचा निकाल मानायचा त्याला आजच आपलं मत देऊन टाकलं, म्हणजे उद्या तो निकाल मानायला तोंड राहतं. या एका मतावर मी स्वतंत्र व्याख्यान देऊ शकतो. दिलंही आहे, ऐकायला माणसं बेताचीच होती. शंकरराव नंतर काँग्रेसमध्ये गेले, १९६२ मध्ये पुण्यातून काँग्रेसचेच खासदार झाले, म्हणून काही जुने शेकापवाले अजून त्यांच्यावर रागावतात. रागवोत. त्या दिवशीचं मत मात्र मोठं होतं.

आता कोणी म्हणेल, सगळं गोडीगुलाबीचं चाललं असणार. नाही हो. डिसेंबर १९५४ मध्ये याच मावळंकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. अध्यक्षाविरुद्धचा तो पहिला ठराव. विरोधकांचा आरोप असा की अध्यक्ष पक्षपाती आहेत, आमचे स्थगन प्रस्ताव येतील तसे फेटाळतात. आरोप आजही हाच असतो, शब्दसुद्धा बदललेले नाहीत. असा ठराव चर्चेला असताना अध्यक्षाने खुर्चीवर बसायचं नाही असा घटनेचा नियम आहे, त्यामुळे उपाध्यक्ष खुर्चीवर. नेहरू उठले. प्रचंड बहुमताचा पंतप्रधान. त्यांनी खुर्चीला विनंती केली की चर्चेचा जास्तीत जास्त वेळ विरोधकांना द्या. आणि आपल्या पक्षाच्या सदस्यांना सांगितलं की या प्रश्नावर पक्षादेश नाही, हा सभागृहाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, ज्याला जसं वाटेल तसं त्याने मत द्यावं. नंतर मात्र ते विरोधकांवर चांगलेच बरसले. ठराव फेटाळला गेला. फेटाळला जाणारच होता. पण ठराव आणणाऱ्यांना पोटभर बोलायला मिळालं, आणि तेही सगळं नोंदलेल्या कामकाजात.

आणखी एक. मावळंकर पक्षाने बसवलेले अध्यक्ष होते, पक्षाचं सदस्यत्वही त्यांनी सोडलं नव्हतं. तरी सरकार ऊठसूट वटहुकूम काढायला लागलं तेव्हा त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बजावलं की हे लोकशाहीला धरून नाही, अगदी निकडीच्या वेळी सोडून याचं समर्थन होऊ शकत नाही. आज एखाद्या अध्यक्षाने मुख्यमंत्र्यांना असं पत्र लिहिलं तर... जाऊ दे. माईक चालू आहे ना?

त्यांच्याविषयी माझी तक्रार आहे, ती पुढे येईल.

आता सोसायटी. आमच्याकडे दोन विंग आहेत, ए आणि बी. पाण्याच्या टाकीवरून सुरू झालेलं भांडण पार्किंगवर आलं आणि मग त्याला कारणच लागेना. ए विंगच्या सत्यनारायणाला बी विंगचं कोणी जात नसे. दोन्हीकडे सुशिक्षित माणसं, दोन्हीकडे लोकशाहीवर प्रेम. वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदाने, म्हणजे मीच, लेखी तक्रार दिली की चेअरमननी गच्चीवर जाणाऱ्या जिन्याच्या मोकळ्या जागेत स्वतःचं कपाट आणि सायकली ठेवल्यात. सभेच्या अध्यक्षस्थानी कोण? चेअरमन. त्यांनी तक्रार शांतपणे पूर्ण वाचून दाखवली. माणूस सुस्वभावी आहे, आवाजही चांगला. वाचली आणि म्हणाले, ‘हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसल्यामुळे घेता येत नाही.’ मी म्हटलं, पत्रिका कोण तयार करतं? म्हणाले, ‘सेक्रेटरी, माझ्या संमतीने.’ ए विंगने टाळ्या वाजवल्या. मी बी विंगचा, हे सांगायला नकोच.

तुम्ही हसताय, पण माझी झोप उडाली होती. कपाट राहिलं बाजूला. तक्रार ज्याच्याविरुद्ध, निकाल त्याचाच, आणि नियमही बरोबर! पुढे समितीची मुदत संपली, निवडणूक होईना आणि उपनिबंधक कार्यालयातून प्राधिकृत अधिकारी आला. कोरडा माणूस. ए विंगचाही चहा घेतला नाही, बी विंगचाही नाही. दोन्ही विंगना तो आवडला नाही, आणि हिशेब मात्र पहिल्यांदाच बिनतक्रार मंजूर झाले. भांडण आहे तिथेच आहे. कपाटही आहे, कारण त्याच्या मते ते खरोखरच नियमात बसत होतं. मी निकाल मानला. चेअरमनने हाच निकाल दिला असता तर मी आयुष्यभर मानला नसता.

हे घरगुती झालं म्हणून कोणाला कमी वाटत असेल तर चला गोव्यात. इथे माझ्या हातचं घड्याळ मी उलटं करून ठेवतो, कारण ही हकीकत मला आवडते.

१९८५ मध्ये राजीव गांधींच्या काळात बावन्नावी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदी आली. घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. आमदाराने पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडला तर तो अपात्र. पण एक पळवाट ठेवली होती. विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश एकदम फुटले तर ते पक्षांतर धरायचं नाही, ती फूट. एकाने केली तर चोरी आणि एक तृतीयांशाने केली तर वाटणी. आणि कोण पात्र, कोण अपात्र हे ठरवणार कोण? सभागृहाचा अध्यक्ष.

गोव्यात १९८९च्या निवडणुकीत चाळीसपैकी काँग्रेसला वीस आणि महाराष्ट्रवादी गोमंतकला अठरा जागा मिळाल्या. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले, सभापती, म्हणजे तिथले अध्यक्ष, झाले डॉ. लुईस प्रोत बार्बोझा. मार्च १९९० मध्ये काँग्रेसमधून सात जण बाहेर पडले. आता गणित करा. विसाचा एक तृतीयांश म्हणजे सहा पूर्णांक काहीतरी, सहा पुरत नाहीत, सात लागतात. आणि या सातांमध्ये एक होते खुद्द सभापती! फूट खरी की खोटी हे ज्याने ठरवायचं, तोच त्या फुटीत सामील. हे नाटकात दाखवलं असतं तर तालमीतच कोणीतरी म्हणालं असतं, एवढं नको, लोकांना पटणार नाही.

मगोपशी आघाडी झाली. आधी चर्चिल आलेमाव मुख्यमंत्री झाले, ते तीन आठवडेसुद्धा पूर्ण नाहीत. मग एप्रिलमध्ये बार्बोझा स्वतः मुख्यमंत्री. सभापतीच्या आसनावरून मुख्यमंत्र्याच्या आसनावर. नवे सभापती आले सुरेंद्र सिरसाट. डिसेंबरमध्ये नव्या सभापतींनी जुन्या सभापतींना, म्हणजे चालू मुख्यमंत्र्यांना, पक्षांतर केलं म्हणून अपात्र ठरवलं. जानेवारी १९९१ मध्ये रवी नाईक मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारीत सिरसाटांनी त्यांनाही अपात्र ठरवलं. थांबा, अजून आहे. मार्चमध्ये बहुमताने सिरसाटांनाच सभापतिपदावरून काढलं, उपसभापती खुर्चीवर बसले आणि त्यांनी काही दिवसांत सिरसाटांच्या निर्णयाचा फेरविचार करून नाईकांची अपात्रता रद्द केली. फेरविचाराचा असा अधिकार सभापतीला नाहीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं. तोवर मांडवीतून किती पाणी गेलं होतं!

गोवेकर मित्र याला ‘आमच्याकडे असंच’ म्हणून हसतात आणि आपण मुंबई-पुण्याची माणसं ‘छोटं राज्य’ म्हणून हसतो. तीस वर्षांनी आपल्याकडे काय झालं, बघा.

मधली एक पायरी सांगतो, ती मला चुकवता येणार नाही. १९९२ मध्ये किहोटो होलोहान नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे प्रश्न आला की हा अधिकार अध्यक्षाकडे असावा का. निकाल तीन विरुद्ध दोन. तिघं म्हणाले, असावा. अध्यक्षपदाची प्रतिष्ठा मोठी आहे, त्याच्यावर अविश्वास दाखवणं बरं नाही, निर्णयानंतर न्यायालयात दाद मागता येईल. अल्पमतातल्या न्यायमूर्ती वर्मा यांचं म्हणणं असं की अध्यक्षाची खुर्ची बहुमत टिकेपर्यंतच टिकते, त्यामुळे स्वतंत्र न्यायनिवाडा करणारा म्हणून त्याच्याकडे बघता येत नाही. एका मताने हे म्हणणं मागे पडलं. शंकररावांचं एक मत आणि हे एक मत, माझ्या डोक्यात ही दोन नेहमी शेजारी शेजारी असतात.

आता महाराष्ट्र. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले प्रदेशाध्यक्ष होण्यासाठी विधानसभेच्या अध्यक्षपदावरून उतरले. त्यानंतर जुलै २०२२ पर्यंत महाराष्ट्राच्या विधानसभेला अध्यक्षच नव्हता. सरकार म्हणे गुप्त मतदान नको, उघड घेऊ, आणि त्यासाठी नियम बदलला. गुप्त घेतलं तर आपलीच मतं फुटतील ही भीती, हे उघड गुपित. राज्यपाल म्हणे, नियमबदल प्रशस्त नाही, तारीख देत नाही. सरकार बदललं आणि तारीख चार दिवसांत मिळाली, मतदानही उघडच झालं. दोन्ही बाजूंनी यात आपापला वाटा चोख उचलला. त्याच काळात, जुलै २०२१ मध्ये, भाजपचे बारा आमदार गैरवर्तनासाठी एका वर्षाकरता निलंबित झाले. अधिवेशन होतं दोन दिवसांचं. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या जानेवारीत ते निलंबन रद्द केलं. तेव्हा ज्यांनी लोकशाहीचा खून झाला म्हटलं त्यांच्या पक्षाने डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत एका अधिवेशनात १४६ खासदारांचं निलंबन शांतपणे पाहिलं. आणि २०२१ मध्ये ज्यांना निलंबन योग्य वाटलं होतं, त्यांना २०२३ मध्ये लोकशाहीचा खून दिसला. या खुनाचे साक्षीदार दर दोन वर्षांनी बदलतात.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. तोवर फुटीची एक तृतीयांशवाली पळवाट २००३च्या घटनादुरुस्तीने बंद झालेली होती. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा दिल्या, तर झिरवाळांनाच हटवण्याची नोटीस निघाली. ज्याच्यापुढे खटला त्याच्यावरच अविश्वास. जुलैमध्ये राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. मे २०२३ मध्ये घटनापीठाने सांगितलं की अध्यक्षांनी वाजवी मुदतीत निर्णय द्यावा. वाजवी म्हणजे किती? निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला. शिंदे यांची शिवसेना खरी, तरीही दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र नाही. पक्ष फुटला, पण पक्ष सोडलाच नाही कोणी! पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादीच्या बाबतीतही कोणी अपात्र ठरलं नाही. मी निर्णयाच्या गुणदोषांत जात नाही, ते न्यायालयाचं काम. मी वेळ मोजतो. विधानसभेची मुदत पाच वर्षांची. दीड वर्ष निकालात गेलं तर निकालाला उरतं काय?

झिरवाळांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे विधानसभेचे उपाध्यक्ष आदिवासींच्या मागण्यांसाठी मंत्रालयात वरून संरक्षक जाळीवर उडी मारून उतरले होते. सभागृहाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या आसनावर बसणाऱ्या माणसाला आपलं म्हणणं सरकारच्या कानावर घालायला जाळी लागली. मला त्यात हसावं की काय करावं हे अजून ठरवता आलेलं नाही.

डावीकडच्या मंडळींनी फार खूश होऊ नये. तेलंगणात भारत राष्ट्र समितीचे दहा आमदार सत्ताधारी काँग्रेसकडे गेल्याची तक्रार होती. अध्यक्ष निर्णयच देईनात, शेवटी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. बंगालमध्ये मुकुल रॉय भाजपच्या तिकिटावर निवडून येऊन दीड महिन्याच्या आत सर्वांसमक्ष तृणमूलमध्ये गेले. तिथल्या अध्यक्षांना ते गेल्याचा पुरावाच सापडला नाही. तो सापडायला नोव्हेंबर २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालय लागलं.

ही सगळी माणसं वाईट आहेत का? मला नाही वाटत. खुर्चीची रचनाच तशी आहे. ब्रिटनमध्ये स्पीकर झालेला माणूस पक्ष सोडतो आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष त्याच्यासमोर उमेदवार देत नाहीत. आपल्या अध्यक्षाला पुढचं तिकीट त्याच पक्षाकडे मागायचंय. सभागृहातलं बहुमत त्याला चौदा दिवसांच्या नोटिशीवर काढू शकतं. दहाव्या परिशिष्टात अध्यक्षाला मुद्दाम सवलत दिलीय की निवडून आल्यावर त्याने पक्ष सोडला तर ते पक्षांतर नव्हे. ती सवलत जवळजवळ कोणी वापरत नाही. तो कायदा येण्याच्या आधीच, १९६७ मध्ये, नीलम संजीव रेड्डी यांनी अध्यक्ष झाल्यावर काँग्रेस सोडली होती. आणि दोन वर्षांनी काँग्रेसचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार म्हणून ते परत आले. सोमनाथ चटर्जींना २००८ मध्ये अणुकराराच्या वेळी त्यांच्या पक्षाने राजीनामा द्या म्हटलं, ते म्हणाले, मी आता सभागृहाचा आहे. पक्षाने काढून टाकलं. म्हणजे गोव्यात पक्ष सोडणाऱ्या सभापतीला मुख्यमंत्रिपद आणि दिल्लीत खुर्ची न सोडणाऱ्या अध्यक्षाला हकालपट्टी. तरुण अध्यक्षाने यातून काय शिकायचं?

घंटा झाली का? पहिली? मग अजून दुसरी आहे. भवितव्य राहिलंय हो!

बरं, भरभर घेतो. पहिलं, अपात्रतेचे खटले अध्यक्षांकडून काढून घ्या. नवं काही शोधायचं नाही. आमदार लाभाच्या पदामुळे अपात्र ठरतो का, हे राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मताप्रमाणे ठरवतात, तीच वाट इथे लावता येते. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच हे सांगितलंय. आयोगावरही आता सगळ्यांचा विश्वास राहिलेला नाही हे खरं, तर मग सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या खटल्यात सुचवलेला कायमच्या न्यायाधिकरणाचा पर्याय घ्या. तीन महिन्यांची मुदतही त्याच निकालातली. यासाठी घटनादुरुस्ती लागेल आणि ज्यांच्याकडे बहुमत असतं त्यांना ती नको असते. म्हणून ही गोष्ट लोंबकळलेल्या लोकसभेत होईल, भक्कम बहुमतात होणार नाही, हे माझं भाकीत लिहून घ्या.

दुसरं, पक्षादेश फक्त विश्वासदर्शक ठराव, अर्थसंकल्प अशा सरकार पडण्या-टिकण्याच्या मतदानापुरता ठेवा. आज साध्या विधेयकावरही आमदाराला स्वतःचं मत देता येत नाही. दोन तट पडलेत म्हणून आपण रडतो, आणि कुंपणापर्यंत चालत जाऊन पलीकडच्याशी बोलणाऱ्याला कायद्यानेच घरी बसवतो. यावर खूप बोलायचं होतं. राहिलं.

तिसरं, उपाध्यक्ष. लोकसभेत १९९० पासून हे पद विरोधी बाकांकडे किंवा निदान सत्तेबाहेरच्या पक्षाकडे देण्याची पद्धत पडली होती. घटना म्हणते, शक्य तितक्या लवकर निवडा. सतराव्या लोकसभेची पाच वर्षं संपली, उपाध्यक्ष निवडलाच नाही. घटनेत ‘लवकर’च्या पुढे दिवसांचा आकडा घाला, बास.

आणि चौथं, दादासाहेबांवरची माझी तक्रार. सभागृहात पक्ष म्हणून मान्यता हवी तर गणसंख्येइतकी, म्हणजे एक दशांश माणसं हवीत, हा दंडक त्यांच्या काळचा. त्यामुळे गोपालन कधी अधिकृत विरोधी पक्षनेते होऊ शकले नाहीत आणि लोकसभेला पहिला मान्य विरोधी पक्षनेता १९६९ मध्ये मिळाला. १९७७च्या संसदेच्या कायद्यात दहा टक्क्यांचा उल्लेखसुद्धा नाही. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच आहे. तरी २०१४ मध्ये काँग्रेसच्या ४४ जणांना तो दंडक दाखवला गेला. नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर आपल्या विधानसभेत २८८चा दशांश एकोणतीस आणि विरोधातला सर्वांत मोठा पक्ष वीसचा, म्हणून खुर्ची रिकामी. उलट २०१५ मध्ये दिल्लीत सत्तरपैकी भाजपचे तीन आमदार होते आणि आम आदमी पक्षाच्या अध्यक्षांनी त्यांना विरोधी पक्षनेतेपद दिलं. तीन! त्याने सरकार पडलं नाही. म्हणजे हे होऊ शकतं, मनात असलं तर एका सहीने होतं.

ही दुसरी घंटा होती. भवितव्याला तुम्ही पंधरा मिनिटं दिली होतीत, मला सहा मिळाली, याची नोंद घ्यावी. मागे खांबाजवळ ज्या बाई मघापासून हात वर करून उभ्या आहेत, त्यांना माईक द्या. अध्यक्षांनी पुढच्या रांगेला आधी देऊ नये.